हरळी: टबात लावा, वाफ्यातून काढा

गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत बाई सांगेल त्या भावाने दूर्वांची जुडी घ्यायची आणि एरवी वाफ्यातली तीच हरळी उपटून फेकायची, हे मी बरीच वर्षं केलं. आता दोन्हींची सोय वेगवेगळी लावली आहे.

आधी ओळख पटवा. देठ चिमटीत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, त्याच्या मुळाला गाठी असतात. हरळीचा देठ गोल, पेरापेराशी मूळ धरणारा, तुरा कोंबडीच्या पायासारखा फाकलेला.

मृगाचा पाऊस झाला की तीन-तीन पेरांचे तुकडे करा. पसरट टबात माती, वाळू नि शेणखत कालवून दोन पेरं आत, एक वर अशी लावा. टब फरशीवरच ठेवा. तळाच्या भोकातून मुळं जमिनीत उतरली की सगळं मुसळ केरात! ऊन भरपूर हवं, सावलीत ती विरळ होते. पाण्याचं फार लाडकोड नको, आपल्याकडे नळाला रोज पाणी येतंय कुठे? चतुर्थीच्या १५ दिवस आधी चार बोटं ठेवून कापा, २१ दूर्वांच्या जुडीला कोवळे शेंडे मिळतात.

वाफ्यातली काढायची तर मे महिन्यातच. आठवडाभर पाणी तोडा, मग कुदळीने वीतभर खोल ढेकळं उलटून ठेवा. फोडू मात्र नका. पहिल्या वर्षी मी हौसेने माती बारीक केली, काशांचे, म्हणजे मातीतल्या पेरदार खोडांचे, तुकडे झाले आणि पावसात पेरापेरातून कोंब वर आले. ४० अंशांपुढच्या उन्हात काळ्या मातीची ढेकळं दहा-बारा दिवस तापू द्या, मग हाताने फोडून काशा वेचा. एखादी वाकवून बघा: कट्‌कन मोडली तर मेली, लवली तर जिवंत. जिवंत काशा खतखड्ड्यात टाकू नका, गच्चीवर वाळवा.

पावसाळ्यात उरलेसुरले कोंब दर आठवड्याला खुरपा. मोकळ्या जागेवर भोपळ्याचा वेल सोडला तर त्याची सावली निम्मं काम करते.

जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, हरळी पिवळी पडते आणि गेली असं वाटतं. टब रिकामा करू नका, आणि वाफाही सुटला असं धरू नका. पाडव्याच्या सुमारास दोन्हीकडे हिरवे कोंब दिसतात.