एका कानात आवाज कमी येतोय? इअरबड रीसेट करण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात दोन आठवडे मी माझ्या डाव्या इअरबडला शिव्या घालत होतो. जाळी घासून झाली, ब्लूटूथ दहादा काढून-जोडून झालं, नवा जोड घ्यायला किती पडतील हेही बघून झालं. मग एका कान-नाक-घसा डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानातून मळाचा हरभऱ्याएवढा गोळा काढला आणि बड त्या क्षणी ‘दुरुस्त’ झाला! तेव्हापासून घरात कुणीही ‘एका बाजूनं हळू ऐकू येतंय’ म्हणालं की मी आधी तपास करायला लावतो, उपाय मागाहून.

सगळ्यात मोठी चूक हीच, की दोष कुठे आहे ते न शोधता माणूस थेट सेटिंगमध्ये शिरतो किंवा टाचणी घेऊन बसतो. संशयित फक्त तीन आहेत: कान, बड आणि फोन. पाच मिनिटांत यातले दोन सुटतात.

पहिली पायरी, बडची अदलाबदल. डावा बड उजव्या कानात, उजवा डाव्यात. दांडीवाले बड असे नीट बसत नाहीत, म्हणून दहा सेकंद हातानं धरून ठेवा (टच कंट्रोलच्या जागी बोट लागलं तर आवाज बंद पडेल आणि तुम्ही नव्या काळजीत पडाल). कमी आवाज बडच्या मागे मागे दुसऱ्या कानात गेला, तर कान निर्दोष. तो होता त्याच कानात राहिला, तर बडला सोडा आणि स्वतःकडे बघा. दुसरी पायरी, तेच बड दुसऱ्या कुणाच्या तरी फोनला जोडा. तिथे दोन्ही बाजू सारख्या वाजल्या तर गडबड तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही तीच बाजू हळू असेल तर बडच आजारी.

गाणं लावून तपासू नका

स्टिरिओ गाण्यात वाद्यं मुद्दाम डावी-उजवीकडे वाटलेली असतात. स्टिरिओच्या सुरुवातीच्या काळातल्या, 1960च्या दशकातल्या काही रेकॉर्डमध्ये तर गायकाचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला सापडतात. अशा गाण्यावर बडची परीक्षा घेतली तर चांगला बडही नापास होईल. त्यापेक्षा आकाशवाणीच्या बातम्या किंवा एकट्या माणसाचं बोलणं लावा. दोन्ही बड सारखे असतील तर तो आवाज डोक्याच्या मधोमध, कपाळामागे ऐकू येतो. एका बाजूला सरकलेला वाटला तर फरक खरा आहे. दोन कानांतल्या आवाजात साधारण 1 डेसिबलचा फरक असला तरी तो आपल्याला जाणवतो, त्यामुळे अगदी किंचित कलाकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

तपासताना स्पेशियल ऑडिओ, डॉल्बी अ‍ॅटमॉस वगैरे चारी बाजूंनी आवाज आल्याचा भास देणाऱ्या सोयी बंद ठेवा. हेड ट्रॅकिंग चालू असेल तर मान वळवली की आवाज एका बाजूला जातो. ते तसंच अपेक्षित आहे, पण मान वाकडी करून लॅपटॉपसमोर बसणाऱ्याला वाटतं की बड बिघडला.

कानाला विसरू नका

तपासात कानच दोषी निघाला तर तोंड मिटून ‘हं…’ असा लांब हुंकार भरा. मळानं बुजलेल्या कानात तो हुंकार उलट जास्त मोठा घुमतो. बोटानं एक कान बंद करून बघा, लगेच कळेल. हे निदान नव्हे, नुसता अंदाज. मळ काढायला कापसाची काडी घालू नका, ती मळ आणखी आत ढकलते. रोज तासन्‌तास कानात खोचलेले बडसुद्धा तेच काम हळूहळू करतात. मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्या.

आणि एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका. एका कानानं अचानक, एका-दोन दिवसांत कमी ऐकू यायला लागलं, सोबत कानात शिट्टी किंवा चक्कर असेल, तर ‘मळ असेल, बघू पुढच्या आठवड्यात’ असं करू नका. कानाच्या नसेशी संबंधित अशा बहिरेपणावर औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. कान-नाक-घसा डॉक्टर ताबडतोब गाठा.

जाळीत टाचणी घालू नका

बड दोषी निघाला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: तोंडावरच्या बारीक जाळीत बसलेला कानातला मळ. दोन कान सारखा मळ करत नाहीत, त्यामुळे एकच बाजू आधी बुजते. मोबाइलच्या टॉर्चखाली दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी धरल्या की फरक दिसतो. एक स्वच्छ काळी किंवा चंदेरी, दुसरीवर पिवळसर मेणचट थर.

इथे हात शिवशिवतात आणि टाचणी, सेफ्टी पिन, दात कोरायची काडी बाहेर येते. टोकानं जाळी फाटली किंवा आत दबली की मळ थेट स्पीकरच्या पडद्यावर जाऊन बसतो. तोंडानं फुंकर मारणं हीसुद्धा चूक, कारण मळ आत जातो आणि वर थुंकीचा ओलावा. दाबून भरलेल्या हवेच्या डब्याचंही तेच. सॅनिटायझर किंवा स्पिरिट जाळीवर ओतू नका, विरघळलेला मळ पातळ होऊन आत उतरतो आणि जाळी चिकटवलेला गोंद सुटू शकतो. स्पिरिटचा फडका बाहेरच्या प्लॅस्टिकपुरता ठीक.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. बडच्या टोकाचं, कानात जाणारं रबर काढून घ्या. जाळीचं तोंड जमिनीकडे करून बड धरा, म्हणजे सुटलेला मळ बाहेर पडेल. लहान मुलांचा मऊ, कोरडा, नवा टूथब्रश घेऊन हलक्या हातानं खालून मिनिटभर झाडा. थर वाळून घट्ट झाला असेल तर एकाच दिवशी हट्ट धरू नका, दोन-तीन दिवस रोज थोडं झाडा. रबर मात्र साबणाच्या पाण्यात धुवायला हरकत नाही, फक्त पूर्ण वाळल्यावर चढवा. पुष्कळ रबरांच्या आतही एक जाळी असते, आणि बड चकचकीत करूनही आवाज न वाढलेल्या लोकांनी नेमकी तीच बघितलेली नसते. बडच्या अंगावर एखादं इवलंसं भोक असतं, हवा ये-जा करायला. ते बुजलं की आवाजातला बेस पडतो, तेव्हा ब्रश तिथूनही फिरवा.

रबराचं माप हा वेगळा मुद्दा. माणसाच्या दोन्ही कानांची भोकं एका मापाची असतीलच असं नाही. एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठं रबर घालायला कुणी बंदी केलेली नाही, पण खोक्यातली जादा रबरं आपण खोक्यातच ठेवतो. सैल रबरातून आधी बेस निसटतो आणि ती बाजू एकदम पोकळ, हळू वाटते. बड बोटानं जरा आत दाबल्यावर आवाज भरला, तर रबर बदला.

बॅलन्सच्या पट्टीला औषध समजू नका

फोन दोषी निघाला तर सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जा. आयफोनवर ‘ऑडिओ अँड व्हिज्युअल’मध्ये डावी-उजवी बॅलन्सची पट्टी आहे, सॅमसंगवर ‘हिअरिंग एन्हान्समेंट्स’मध्ये, इतर अँड्रॉइड फोनवर ‘ऑडिओ बॅलन्स’ नावानं. ती मधोमध आणा. मुलांच्या हाती फोन गेला की ती कुठेही सरकलेली असते. विंडोज 11वर साउंडमध्ये जाऊन त्या बडच्या नावावर क्लिक केलं की डाव्या-उजव्या चॅनलचे आकडे वेगवेगळे दिसतात, ते सारखे करा. सॅमसंगच्या ‘अडॅप्ट साउंड’सारखी सोय एकेका कानाच्या ऐकण्याप्रमाणे आवाज जुळवते. कधीतरी गंमत म्हणून ती चाचणी दिली असेल तर आज तिचाच परिणाम दिसत असेल.

पण मळ बुजलेला असताना ही पट्टी सरकवून काम भागवणं म्हणजे दुखणं झाकणं. ही पट्टी साधारणपणे हळू बाजू मोठी करत नाही, मोठी बाजू हळू करते. मग एकूण आवाज कमी पडतो, माणूस व्हॉल्यूम वाढवतो, आणि आठवड्यानं मळ आणखी साचला की परत पट्टी. पट्टी न सरकवता नुसता व्हॉल्यूम वाढवला तर चांगल्या कानाला उगाच मार बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल एवढीच आहे.

अर्धवट रीसेट

स्वस्तातल्या काही बडमध्ये दोन्ही बाजू आपापला व्हॉल्यूम लक्षात ठेवतात. एकच बड घालून बोलायची सवय असेल तर ती जोडी बेसूर होते. आधी दोन्ही बड घालून व्हॉल्यूम शून्यावर न्या, मग बड कानातून काढून तो शेवटपर्यंत वाढवा आणि परत खाली आणा. फरक पडला नाही तर रीसेट. लोक फोनमधून नाव न काढताच केसचं (बड ठेवायच्या चार्जिंगच्या डबीचं) बटण दाबत बसतात, तिथे गणित चुकतं. आधी फोनमध्ये ‘फरगेट’ करा, यादीत एकाच बडची दोन नावं असतील तर दोन्ही काढा. मग कंपनीच्या पद्धतीनं रीसेट करा (बटणाच्या केसवाल्या एअरपॉड्सना साधारण 15 सेकंद दाबावं लागतं). दोन्ही बड एकदमच बाहेर काढा, त्यांना एकमेकांशी जुळू द्या आणि त्यानंतरच फोनला जोडा. अ‍ॅपमध्ये अपडेट दिसत असेल तर तेही करून घ्या.

पावसात किंवा घामात भिजल्यावर एक बाजू दबली असेल तर जाळीत पाण्याचा पडदा धरला असण्याची शक्यता मोठी. खोक्यावरचं ‘आयपीएक्स4’ म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपुरतं संरक्षण. तांदळाच्या डब्यात टाकू नका, पिठूळ धूळ जाळीत बसते. हेअर ड्रायरही नको. रबर काढून, जाळी खाली करून, कोरड्या फडक्यावर रात्रभर ठेवा, आणि ओले असताना केसमध्ये चार्जिंगला लावू नका.

चार्जिंगचा संबंध सहसा आवाजाशी नसतो, बॅटरी उतरली की बड हळू होण्याऐवजी बंदच पडतो. एक बाजू सारखी बंद पडत असेल तर केसमधले चार्जिंगचे धातूचे टिपके कोरड्या फडक्यानं पुसा.

इतकं करूनही दुसऱ्या फोनवर तीच बाजू हळू असेल तर स्पीकरच गेला. चाकू घालून बड उघडू नका, तो गोंदानं बंद केलेला असतो आणि आत लिथियमची बॅटरी आहे. वॉरंटी असेल तर दावा करा. नसेल तर काही कंपन्या एकच बड सुटा विकतात. जुन्या बाजारातून सुटा बड उचलताना मॉडेलचा क्रमांक केसवरून अक्षरशः जुळवा. दिसायला सारखे असलेले दोन पिढ्यांचे बड एकमेकांशी जुळत नाहीत, आणि फर्मवेअर (बडमधलं सॉफ्टवेअर) वेगळं निघालं तर दोन्ही बड केसमध्ये चार्जिंगला ठेवून ते अपडेट होईपर्यंत वाट बघावी लागते.