मेरी क्युरीचा निकाल आणि माझा इनबॉक्स

सप्टेंबरात मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपचा (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी युरोपियन युनियन देते ती) अर्ज गेला आणि मुलुंड-कुर्ला लोकलमध्ये एका हातात कडी, दुसऱ्यात इनबॉक्स असं सुरू झालं. शेवटी कलिन्यातल्या एका सीनियर ताईने विचारलं, "अगं, अर्जात मेन कॉन्टॅक्ट कोण? निकालाचा मेल त्यालाच जातो." आणि ती जागा युरोपातल्या सुपरवायझरची असते! मग त्यांनाच लिहिलं: निकालाचा मेल आला की लगेच कळवा, स्पॅमही बघा. निकाल साधारण फेब्रुवारीत लागतो, त्यामुळे तोवर फोनवरची नोटिफिकेशनं बंद. 100 पैकी 85 किंवा जास्त मिळूनही निधी नाही मिळाला, तर 'सील ऑफ एक्सलन्स' हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून दुसरीकडे कुठे अर्ज करता येईल, याची यादी आता लोकलमध्येच करते.