थंडीत गाल उलतात, त्यावर मी काय करते

माझं माहेर सावंतवाडीजवळचं. तिथल्या दमट हवेत चेहऱ्याला काही लावावं लागतं, हे लग्न होईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. निफाडला आले ती ऐन मार्गशीर्षात, आणि पंधरा दिवसांत गाल उलले. हसलं की कातडी ओढायची, नाकाच्या कडेला पांढरे पापुद्रे, तोंड धुतलं की चरचर. इथे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. ही कोरडी हवा चेहऱ्यातलाही ओलावा ओढून घेते.

मी अंगणवाडी सेविका आहे. दर थंडीत मुलांच्या आया विचारतात, त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

आधी पाणी बघा. बंबातलं कढत पाणी तोंडावर घेऊ नका, त्यात विसण घाला. मनगटाला जेमतेम कोमट लागलं की पुरे. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ असतात, विटांमधल्या चुन्यासारखे. ओलावा तेच धरून ठेवतात, आणि कढत पाणी नि साबण नेमके तेच धुऊन काढतात. अंगाच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी; चेहऱ्याचा साधारण ५, म्हणजे किंचित आम्लधर्मी. त्यात आमच्या बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोटीवर पांढरे थर बसतात, तर तुमचंही पाणी जड समजा. अशा पाण्यात साबणाचा चिकट थर चेहऱ्यावरच राहतो आणि कोरडेपणा वाढतो.

म्हणून सकाळी मी चेहऱ्याला साबण लावतच नाही, नुसत्या पाण्याने धुते. रात्री दिवसभराची धूळ काढायला बिनवासाचा सौम्य फेसवॉश, शेंगदाण्याएवढा. धुतल्यावर पंचाने टिपायचं, घासायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावा, दोन-तीन मिनिटांच्या आत. मी कितीतरी वर्षं आधी चहा टाकायचे, केस विंचरायचे आणि मग सुकलेल्या तोंडावर क्रीम चोळायचे. क्रीम बदलून बघितली, पण फरक पडला तो वेळ बदलल्यावर. डब्यावर ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेतल्या त्या स्निग्ध पदार्थांपैकीच एक) लिहिलेलं, बिनवासाचं जाड क्रीम घ्या. पातळ लोशन इथल्या थंडीला पुरत नाही. नुसतं ग्लिसरीन लावायचं तर एक भागाला दोन-तीन भाग गुलाबपाणी घाला. रात्री क्रीमवर मुगाच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली बोटांवर पसरून गालांवर दाबायची. ओलावा अडवून धरायला तिच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पुटकुळ्या येणाऱ्यांनी मात्र चेहऱ्याला खोबरेल लावू नये, छिद्रं बुजतात. ओठांसाठी आई माहेरून कोकमाचं तेल पाठवते. मेणासारखा घट्ट गोळा असतो, बोटाच्या उबेने विरघळतो.

सकाळी स्कूटीवर निघताना तोंडाला सनस्क्रीन, एसपीएफ ३०, आणि वरून ओढणी. थंडीतलं ऊन कोवळं वाटतं, तरी गाल काळवंडतात.

आता काय करू नये. लिंबू चोळू नका. उललेल्या कातडीवर ते आग करतं, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर डाग पडतात. मुलतानी मातीचा लेप तेलकट चेहऱ्यासाठी, कोरड्यासाठी नाही. उटण्याला मी नाव ठेवत नाही, पण अभ्यंगात आधी तेल जिरवतात आणि मग उटणं लावतात. हल्ली तेल वगळून कोरडं उटणं चेहऱ्याला घासतात, तिथे घोटाळा होतो. तान्ह्या बाळाच्या गालावर लव जावी म्हणून पिठाचा गोळा फिरवतात, तोही बंद करा. लव आपोआप जाते, बाळाची नाजूक कातडी मात्र सोलवटते.

आणि ट्यूब. दुसऱ्या वर्षी एका औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या ट्यूबने तीन दिवसांत गाल काचेसारखे गुळगुळीत झाले. महिन्याभराने ती सोडली तर चेहरा लालभडक, ऊन सोसेना. नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब बघूनच सांगितलं, यात स्टेरॉइड आहे. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नका, शेजारणीला कितीही गुण आलेला असो. माझे गाल पूर्ववत व्हायला अख्खा उन्हाळा गेला.

नेमाने केलं तर आठ-दहा दिवसांत ओढ कमी होते. नाहीच झाली, खाज सुटली, पाणी येऊ लागलं किंवा भेगांतून रक्त आलं, तर दवाखाना गाठा. माझ्या जाऊबाईंचा चेहरा ऐन मे महिन्यातही कोरडा असायचा, केस गळायचे, दिवसभर थकवा. त्यांना मी वर्षभर क्रीमच सुचवत राहिले. शेवटी रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड कमी निघालं. आता त्या रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात. क्रीम तेच आहे, पण आता ते पुरतं.