टीकिंटरच्या विंडोत लॉटचे फोटो: तासगावचा टॅब आणि निळी हळद

सांगलीतल्या अडत दुकानासाठी प्रोग्रॅम लिहायचा तर वजनं, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याची पट्टी हा भाग सरळ असतो. मग मागणी येते: लॉट नंबर टाकला की बेदाण्याचा किंवा हळदीचा फोटो शेजारी दिसू दे. ऐकायला एका ओळीचं काम. पण फोटोच्या बाबतीत टीकिंटर (पायथनसोबत येणारी, विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी) पुष्कळदा एररही देत नाही, नुसती करडी रिकामी चौकट दाखवून गप्प बसतं. म्हणून फाइलपासून पडद्यापर्यंत फोटो ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने एकेक अडचण पाहू.

गृहीत धरलंय पायथन ३, टीकिंटर आणि पिलो (फोटो वाचायची-बदलायची लायब्ररी), विंडोजवर. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगने, कॅपिटल-स्मॉल सांभाळून टाकायची.

पिलो लागतंच. टीकिंटरचं स्वतःचं फोटोइमेज जीआयएफ आणि पीपीएम वाचतं, टीके (टीकिंटरच्या आतलं इंजिन) ८.६ पासून पीएनजीही वाचतं, पण जेपीजी नाही. आणि मोबाइलमधून येतात ते बहुतेक फोटो जेपीजीच. पिपने इन्स्टॉल करताना नाव पिलो, इम्पोर्ट करताना मात्र पीआयएल, कारण मूळ लायब्ररीचं नाव तेच पुढे चालू ठेवलंय. पीआयएलमधून इमेज आणल्यावर खाली टीकिंटरमधलं सगळं तारांकित इम्पोर्टने आणलं, तर टीकिंटरचा इमेज नावाचा क्लास पहिल्यावर बसतो आणि "इमेजमध्ये ओपन नाही" अशी तक्रार येते. तारांकित इम्पोर्ट टाळा, टीकिंटर टीके या छोट्या नावाने आणा.

आता पाथ. इथे गावांची नावंच दगा देतात. पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये उलट्या तिरक्या रेघेपुढे काही अक्षरांना खास अर्थ असतो. डी ड्राइव्हवर स्मॉल लेटर्समध्ये तासगाव नावाचं फोल्डर असेल, तर रेघ आणि टी मिळून टॅब होतो. नांद्र्याचा एन नवी ओळ होतो, विट्याचा व्ही उभा टॅब, आटपाडीचा ए घंटा, आणि बेदाणा नावाच्या फोल्डरचा बी बॅकस्पेस. सांगली आणि मिरज मात्र चालून जातात (पायथन ३.१२ पासून नुसता इशारा येतो), कारण एस आणि एमला तसा अर्थ नाही. परिणामी प्रोग्रॅम सांगलीच्या मालाला चालतो आणि तासगावच्या मालाला "फाइल सापडली नाही" म्हणतो. सी ड्राइव्हच्या यूझर्स फोल्डरचा पाथ असा लिहिला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. रेघेपुढच्या कॅपिटल यूनंतर पायथनला आठ हेक्स आकडे हवे असतात. अवतरणचिन्हाच्या आधी आर लावा, नाहीतर सरळ तिरकी रेघ वापरा. विंडोजला तीही चालते.

त्याहून बरं म्हणजे पूर्ण पाथ लिहायचाच नाही. पाथलिबमधल्या पाथला प्रोग्रॅमच्या फाइलचं ठिकाण विचारा आणि तिथून फोटोंचं फोल्डर जोडा. नुसतं "फोटो/लॉट" असं लिहिलं तर ते चालू फोल्डरमध्ये शोधलं जातं, आणि डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने उघडल्यावर चालू फोल्डर वेगळंच असू शकतं. एडिटरमधून चालवलं की फोटो दिसतात आणि शॉर्टकटवरून दिसत नाहीत, याचं कारण बहुतेकदा हेच.

फाइल उघडणं आणि फोटो वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमेज.ओपन फक्त सुरुवातीची माहिती वाचतं. आतले पिक्सेल नंतर, गरज पडेल तेव्हा. केबल मध्येच काढल्याने अर्धवट कॉपी झालेला जेपीजी म्हणूनच ओपनला ठणठणीत वाटतो आणि पुढच्या पायरीला पडतो. ट्राय-एक्सेप्ट दोन्ही पायऱ्यांना मिळून घाला. उघडताना विथ वापरा, नाहीतर फाइल धरून ठेवली जाते आणि विंडोज ती डिलीट किंवा रीनेम करू देत नाही. आयफोनचे एचईआयसी फोटो पिलो आपलं आपण उघडत नाही, पिलो-हेइफ हे वेगळं पॅकेज लागतं. दोनशे मेगापिक्सेलच्या मोबाइलने पूर्ण मापात काढलेला फोटो पिलोला बॉम्ब (मेमरी भरून टाकायला बनवलेली फसवी फाइल) वाटतो आणि ते नाकारतं: सुमारे ८.९ कोटी पिक्सेलच्या वर इशारा, त्याच्या दुपटीच्या वर एरर. मर्यादा वाढवता येते, पण फोटो काढणाऱ्यालाच १२ मेगापिक्सेलवर ठेवायला सांगणं सोपं.

फोटो लहान का करायचा, तर हिशेब असा. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० गुणिले ३०००. डिस्कवर ही फाइल ४ एमबीची असली तरी मेमरीत उलगडल्यावर पिलोला प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे ४८ एमबी. सौद्याच्या दिवशी ६० लॉट एका पानावर लावले तर २ जीबीच्या वर गेलं. दुकानातल्या ४ जीबीच्या पीसीवर टॅलीही उघडं असतं. तेच फोटो ३६० च्या चौकटीत बसवले तर एक फोटो ३६० गुणिले २७०, म्हणजे ०.४ एमबीच्या आत, आणि साठांचे मिळून २४ एमबीसुद्धा होत नाहीत.

लहान करायला थंबनेल वापरा, रिसाइझ नाही. रिसाइझ सांगितलं तेवढं माप देतं, मग बेदाणा चपटा दिसला तरी त्याला पर्वा नाही. थंबनेल प्रमाण राखतं, आणि जेपीजी असेल तर मुळातच निम्म्या, पाव किंवा अष्टमांश मापात उलगडून घेतं, म्हणून वेगही भरपूर मिळतो. पण त्यासाठी थंबनेल ओपननंतर लगेच यायला हवं. आधी फोटो फिरवला तर पूर्ण ४८ एमबी उलगडून झालेलेच असतात. थंबनेल मेमरीतला तोच फोटो बदलतं (डिस्कवरची फाइल नाही) आणि परत काही देत नाही; "नवा = फोटो.थंबनेल" लिहिलंत तर नवामध्ये नन, म्हणजे काहीच नाही, येतं. जुन्या नमुना कोडमध्ये लहान करायच्या पद्धतीसाठी अँटीअलायस हे नाव दिसेल. ते पिलो १० मध्ये, २०२३ साली, काढून टाकलंय. त्याजागी लँक्झॉस लिहा.

मग फिरवणं. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये पुष्कळदा आडवाच असतो, आणि "दाखवताना फिरवा" अशी खूण एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीत) असते. विंडोजचा फोटो व्ह्यूअर ती पाळतो, पिलो आपणहून पाळत नाही. इमेजऑप्समधलं एक्झिफ-ट्रान्सपोज बोलावलं की काम होतं. हे नवा फोटो परत देतं, तो धरायला विसरू नका. थंबनेलची चौकट चौरस ठेवली की आधी लहान करून मग फिरवण्यात माप बिघडत नाही. ३६० गुणिले २०० अशी आडवी चौकट दिली तर उभे फोटो फिरल्यावर चौकटीबाहेर जातात.

रिकाम्या करड्या चौकटीचं सर्वांत जुनं दुखणं इथून पुढे. इमेजटीके.फोटोइमेजने तयार केलेली वस्तू फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्येच ठेवली, तर फंक्शन संपताच पायथन ती कचऱ्यात टाकतं. लेबलला (विंडोतल्या फोटो दाखवणाऱ्या चौकटीला) फोटोचं फक्त नाव माहीत असतं, वस्तू त्याने धरलेली नसते. एरर नाही, इशारा नाही. उपाय एका ओळीचा: लेबल.इमेज = फोटो. साठ फोटो असतील तर लॉट नंबरच्या डिक्शनरीत ठेवा, आणि पान बदललं की डिक्शनरी रिकामी करा, नाहीतर दिवसभरात मेमरी फुगत जाते.

मांडणीतल्या तीन खोड्या. लेबलला विड्थ ३० दिली असेल तर मजकूर असताना ती ३० अक्षरं असते, फोटो आला की ३० पिक्सेल. फोटोची नुसती पट्टी दिसते. कॅनव्हासवर ० आणि ० ला ठेवलेल्या फोटोचा फक्त खालचा उजवा चतकोर दिसतो, कारण तो बिंदू फोटोचा मध्य मानला जातो. अँकर एनडब्ल्यू (वरचा डावा कोपरा) द्या. आणि फोटो मोठा करून दाखवायला दुसरी विंडो उघडताना मुख्य विंडो बनवणारा टीके हा क्लास पुन्हा बोलावू नका, टॉपलेव्हल वापरा. नाहीतर "पायइमेज१ अस्तित्वात नाही" हा गोंधळात पाडणारा निरोप येतो.

एक फोटो लगेच येतो, साठ येत नाहीत. मुख्य थ्रेडवर (विंडो चालवणाऱ्या कामाच्या धाग्यावर) साठ फाइल उलगडल्या तर विंडो गोठते, आणि पाच सेकंद प्रतिसाद मिळाला नाही की विंडोज तिच्या कपाळावर "नॉट रिस्पॉन्डिंग" लिहितं. उघडणं, थंबनेल आणि फिरवणं थ्रेडपूलमध्ये (बाजूला काम करणाऱ्या थ्रेडच्या गटात) टाका, तयार पिलो इमेज क्यूमध्ये (रांगेत) ठेवा. मुख्य थ्रेडने आफ्टरच्या (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या सोयीच्या) साहाय्याने दर ५० मिलिसेकंदांनी क्यू तपासायची. फोटोइमेज बनवणं आणि लेबलला लावणं फक्त मुख्य थ्रेडवर. टीकिंटरच्या वस्तूंना दुसऱ्या थ्रेडने हात लावला तर कधी चालतं, कधी प्रोग्रॅम न बोलता मरतो. आफ्टरला फंक्शनचं नुसतं नाव द्या, कंसासकट नको. अजून एक: खरेदीदार घाईत पुढच्या पानावर जातो आणि मागच्या पानाचे फोटो उशिरा येऊन नव्या लॉटवर चिकटतात. प्रत्येक पानाला क्रमांक द्या, क्यूमधला क्रमांक जुळला नाही तर फोटो टाकून द्या. चुकीच्या लॉटवर चुकीचा माल दिसणं हे रिकाम्या चौकटीपेक्षा वाईट.

वजनकाट्याजवळच्या वेबकॅमसाठी ओपनसीव्ही (कॅमेऱ्याची चित्रं हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर हळद निळी दिसेल. ओपनसीव्ही रंग निळा, हिरवा, लाल या क्रमाने ठेवतं, पिलो उलट. लाल २३०, हिरवा १७०, निळा ३० अशी हळद उलटी वाचली की स्वच्छ आकाशी होते. पिलोकडे देण्याआधी सीव्हीटी-कलरने क्रम बदला. ओपनसीव्हीचं इमरीड विंडोजवर "राजापुरी हळद" अशा देवनागरी नावाची फाइल वाचत नाही आणि नन देतं. ती फाइल पिलोनेच उघडा, पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात.

शेवटी पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रॅमची एक्झी बनवणाऱ्या साधनाने) एकच एक्झी बनवताना दुकानाचा लोगो आत घाला, त्यासाठी ॲड-डेटा आहे. लॉटचे फोटो मात्र आत ठेवू नका. एक-फाइल एक्झी चालू होताना स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडते, प्रोग्रॅमच्या फाइलचं ठिकाण विचारलं तर तेच मिळतं, आणि बंद होताना ते फोल्डर पुसलं जातं. दिवसभर काढलेले फोटो तिथे सेव्ह केले असतील तर दुकान बंद करताना तेही जातात. फोटोंसाठी सिस.एक्झिक्युटेबलवरून एक्झीचं खरं ठिकाण घ्या आणि फोल्डर तिच्या शेजारी करा.