जुना गॅस पंप रंगवायला घ्यायच्या आधी

जुना अमेरिकन गॅस पंप, म्हणजे पेट्रोल भरायचं यंत्र, गॅरेजमध्ये आला की पहिल्याच शनिवारी रंगाचा डबा उघडावासा वाटतो, पण जरा थांबा आणि आधी पंप कुठल्या काळातला ते बघा, कारण सगळी सजावट त्यावरच ठरते. 1920च्या दशकातल्या पंपांवर मोठा काचेचा नळा असायचा, दांडा मारून पेट्रोल त्यात चढवायचं, गिऱ्हाईकाला किती गॅलन ते डोळ्यांनी दिसायचं आणि मग ते आपोआप खाली गाडीत उतरायचं, म्हणजे तिथे शोभा काचेची आणि वरच्या ग्लोबची, म्हणजे डोक्यावरच्या दिव्याच्या गोळ्याची. 1930च्या दशकात काच गेली, घड्याळासारखी डायल आणि मग पैसे मोजणारी चाकं आली आणि पत्र्याची मोठी दारं मिळाली, खरी रंगरंगोटी तिथली. माझा टोकहाइम कंपनीचा 39 मॉडेलचा पंप आहे, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा, त्याच गावात बाउझर नावाच्या माणसाने 1885 मध्ये केरोसिनचा पंप बनवला होता, त्यामुळे त्यावरची कंपनीची पट्टी वाचताना मला खरंच भरून आलं.

स्क्रू काढायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत. होज आणि मीटरमध्ये जुनं पेट्रोल राहिलेलं असू शकतं, ते निघेपर्यंत ग्राइंडर लावू नका.

मग मूळ रंग शोधा. दाराच्या आतल्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने हळूहळू घासा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे रंग निघत जातात, माझ्याकडे पांढरा, हिरवा, करडा आणि सगळ्यात खाली लाल, तो दिसला तेव्हा मी हातातलं काम टाकून बघतच बसलो. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही, चांगला मास्क हवा आणि पोरांना लांब ठेवा. आणि दारं सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग काढायला, देऊ नका, माझ्या आधीच्या पंपाचं दार एका वर्कशॉपमधून पापडासारखं वाकून आलं, पत्र्याला रंग काढायचं केमिकलच बरं.

आता पाटी. टेक्सॅको या तेल कंपनीची करणार असाल तर त्यांचं फायर चीफ पेट्रोल 1932 पासूनचं आहे, पाटीवर लाल हेल्मेट आणि ताऱ्यात हिरवा टी, पण त्या टीची कड बघा, महायुद्धाआधी काळी आणि नंतर पांढरी, 1939च्या पंपावर पांढऱ्या कडेची पाटी मला तरी खटकते. खाली बारीक अक्षरात तारीख असते पण नव्या नकलांवरही ती छापतात, त्यामुळे तारखेवर जाऊ नका, अक्षरांवरून नख फिरवा. खरं पोर्सिलेन म्हणजे लोखंडावर भाजलेली काच, एकेक रंग वेगळा भाजलेला, म्हणून कडेला नख अडतं. आजीकडच्या इनॅमलच्या टोपांचा टवका उडाला की काळं दिसायचं ना, अगदी तसंच स्क्रूच्या भोकांभोवती दिसेल. ते टवके भरू नका, राहू द्या, तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं पाना फिरवलाय.

ग्लोब शेवटी घ्या. तीन भागांच्या (मधली चौकट आणि दोन बाजूंच्या काचा) ग्लोबच्या काचा बहुतेक साडेतेरा इंचांच्या असतात, तरी मोजूनच मागवा. आत एलईडीच लावा, जुना बल्ब फार तापतो, आणि पंप जागेवर उभा करून तळाचे बोल्ट आवळून झाल्यावरच ग्लोब वर चढवा, दोघांनी मिळून.