ग्रॅमचे मोल करण्याआधी बाटलीवरचे लेबल वाचा

सूत्र एका ओळीचे आहे: ग्रॅममधले वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅम), म्हणजे मोल, रसायनशास्त्रात अणू-रेणू मोजायचे एकक. भागाकार कॅल्क्युलेटर करतो. उत्तर चुकते ते बहुतेक वेळा खालचा आकडा चुकीचा धरल्यामुळे, तेव्हा वेळ घालवायचा तो तिथे.

बारावीच्या प्रात्यक्षिकातले ऑक्झॅलिक ॲसिड घेऊ. तराजूवर ३.१५ ग्रॅम भरले. मोल किती?

आधी लेबल पाहा. प्रयोगशाळेत सहसा असते ते स्फटिकरूप ॲसिड. त्यावर ‘डायहायड्रेट’ लिहिलेले असते, म्हणजे ॲसिडच्या दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकातच बसलेले आहेत. दिसायला पूड कोरडी असली तरी हे पाणी तराजूवर वजन दाखवतेच, म्हणून ते हिशेबात धरायचे. पाण्यासकट अणू मोजा: कार्बन २, हायड्रोजन ६, ऑक्सिजन ६. प्रत्येकाला त्याच्या अणुवस्तुमानाने गुणा.

कार्बन: २ × १२.०११ = २४.०२२
हायड्रोजन: ६ × १.००८ = ६.०४८
ऑक्सिजन: ६ × १५.९९९ = ९५.९९४

बेरीज १२६.०६४. मोलर वस्तुमान १२६.०६ ग्रॅम प्रति मोल.

३.१५ ÷ १२६.०६ = ०.०२५० मोल. शेवटचे शून्य खोडू नका. वजन तीन सार्थक अंकांत घेतले आहे, उत्तरही तितक्याच अंकांत. हे २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरले की ०.१ मोलर द्रावण (लिटरमागे ०.१ मोल) तयार.

आता पाणी विसरल्यास काय होते ते पाहा. निर्जल ॲसिडचा आकडा ९०.०३. तो धरून ०.०२५ मोलसाठी २.२५ ग्रॅम भरले, पण बाटली डायहायड्रेटची, तर प्रत्यक्षात ०.०१७८ मोलच पडले आणि द्रावण झाले ०.०७१ मोलर. चूक लगेच दिसत नाही, ती टायट्रेशनला, म्हणजे ब्युरेटमधून दुसरे द्रावण थेंबाथेंबाने सोडून किती लागते ते मोजताना, बाहेर येते. ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट असेल, तर १० मिलिलिटर ॲसिडला ब्युरेटवर २० मिलिलिटर लागायला हवे. गुलाबी रंग १४.३ लाच टिकतो. मग दोष परमँगनेटला दिला जातो. मोरचूद, तुरटी, धुण्याचा सोडा, सगळ्यांना हेच लागू. पोटॅश तुरटीत तर वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त पाणीच असते.

दुसरी नेहमीची चूक कंसाची. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये कंसाबाहेरचा २ ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघांनाही लागतो: ४०.०७८ + २ × १७.००७ = ७४.०९. तो फक्त हायड्रोजनला लावला तर ५८.०९ येते.

वायूंच्या बाबतीत प्रश्न नीट वाचा. ८ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे रेणूंचे ०.२५ मोल, पण अणूंचे ०.५ मोल.

भागाकार उलटा झाला का, हे एका नजरेत कळते. भरलेले ग्रॅम मोलर वस्तुमानापेक्षा कमी असतील, तर उत्तर १ पेक्षा कमीच यायला हवे. वरच्या उदाहरणात ४० आले, तर आकडे उलटे टाकलेत. हजार पटीने चुकले, तर मिलिग्रॅमचे ग्रॅम करायचे राहिले.

अणुवस्तुमानांचे आकडे पूर्णांकात आणू नका. क्लोरिन ३५.४५ आहे, ३५ नव्हे. परीक्षेत मात्र प्रश्नपत्रिकेत ३५.५ दिले असेल तर तेच वापरा, अचूकपणाचा हट्ट तिथे नको.

लेबलवर शुद्धता ९८ टक्के असेल, तर भरलेल्या ग्रॅमना आधी ०.९८ ने गुणा, मग भागा. सोडियम हायड्रॉक्साइडला एवढेही पुरत नाही: उघड्यावर ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे वजनावरून काढलेले मोल अंदाजापुरतेच. त्याची खरी तीव्रता ऑक्झॅलिक ॲसिडच्या याच प्रमाणित द्रावणाशी टायट्रेशन करून काढतात.