देवाला कौल लावायचाय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

देव माणसाशी बोलतो का यावर रात्रभर वाद घालता येईल, पण आमच्या सिंधुदुर्गात तो वाद कोण घालत बसत नाही, सरळ देवळात जाऊन विचारतात. याला कौल लावणं म्हणतात, गोव्यात प्रसाद लावणं. कौल हा मूळ अरबी शब्द, म्हणजे दिलेला शब्द, वचन. निकालाच्या दिवशी पेपरात 'जनतेचा कौल' छापतात ना, तोच.

आणि हे फक्त लग्न-नोकरीपुरतं नाहीये. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीच्या कौलाने तारीख ठरते आणि मग सगळे चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांवर तुटून पडतात. आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं, गावपळण म्हणतात तिला.

तर पहिलं काम, देवळात जायच्या आधी घरी बसून प्रश्न नीट करा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. देव फक्त उजवं (म्हणजे हो) नाहीतर डावं (म्हणजे नाही) देतो, त्यामुळे 'माझं कसं होईल' हा प्रश्नच नाही. माझ्या चुलतभावाने विचारलं, गावचं घर विकून मुंबईत धंदा टाकू का. उजवा कौल आला. आता त्याचं म्हणणं दोन्हीला हो, काकांचं म्हणणं हो फक्त धंद्याला, घराला देवाने हात लावायला सांगितलेलाच नाही. दोन वर्षं बोलत नव्हते. एका वेळी एकच गोष्ट विचारा, आणि ती अशी विचारा की उत्तर डावं आलं तरी ऐकायची तयारी असेल. मनात आधीच ठरलेलं असेल तर उगाच गुरवाला ताटकळत ठेवू नका.

गुरवाला आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा, बहुतेक ठिकाणी सकाळची पूजा झाल्यावर लावतात. घरात सुतक असेल तर थांबा. नारळ, पान-सुपारी, अगरबत्ती न्या, दक्षिणा किती ते गावातल्याच कुणाला तरी विचारा. काही देवळांत मानकरी हजर असल्याशिवाय कौल लागत नाही, गावऱ्हाटीचा, म्हणजे गावच्या देवकार्याच्या रीतीचा भाग आहे तो, तिथे शहाणपणा करू नका.

मग गुरव गाऱ्हाणं घालतो, 'बा देवा म्हाराजा' करून सुरुवात, तुमचं नाव, तुमची अडचण, आणि मागे उभे असलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तुम्हीपण म्हणा, लाजू नका. काय झालं तर उजवी आणि काय झालं तर डावी हे गुरव मोठ्याने बोलतो, ते कान देऊन ऐका. देवाची उजवी की आपली तेपण आधीच विचारून घ्या, समोर उभं राहिलं की उलटं होतं सगळं.

आमच्याकडे गुरव तांब्यात बोटं बुडवून देवाच्या पाषाणावर पाणी फिरवतो आणि दोन्ही बाजूंना एकेक पाकळी चिकटवतो, काही गावांत तांदूळ असतात. मग नुसतं बघत बसायचं. गेल्या मे महिन्यात आमची डावीकडची पाकळी हळूहळू सरकायला लागली, आईने माझा दंड धरला, आणि अर्ध्यात येऊन ती थांबली ती थांबलीच. वीस मिनिटं. बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय. शेवटी उजवीकडची टपकन पडली.

आता कोणी म्हणेल, पाणी सुकलं की पाकळी पडणारच, जी कमी ओली ती आधी. बरोबर आहे, मलापण तसंच वाटतं. पंखा चालू असेल तर मी स्वतः उठून बंद करतो. पण ज्या प्रश्नावर घरात चार वर्षं कोणी तोंड उघडत नव्हतं तो त्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला गेला, हेही खरंय.

डावं आलं म्हणून दुसऱ्या देवळात जाऊन तोच प्रश्न लावू नका. आजारपणात आधी डॉक्टर, तिथे कौल नको. आणि कोणी अंगात आल्याचं सांगून भीती घालायला लागला, पैसे उकळायला किंवा मारझोड करायला लागला तर तो कौल नव्हे, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते.

शेवटचं, उजवं आलं आणि नवस बोललात तर तो वहीत लिहून ठेवा. आमच्या आजोबांनी एक बोललेला, काय बोललेले ते घरात एकालाही आठवत नाही, आता तो फेडायचा कसा हे विचारायला येत्या मे महिन्यात परत कौलच लावायचाय.